शिवेवरचा भुंगा

काबुतोमुशीचं सगळं आयुष्य जेमतेम वर्षाचं. त्यातले दहाएक महिने तो जमिनीखाली काढतो: आधी अंडं, मग अळी, मग कोष. पंख फुटलेला भुंगा होऊन तो वर येतो जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, आणि सप्टेंबर सरेपर्यंत जवळपास सगळे मरून गेलेले असतात. जपानी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि संपते ऑगस्टअखेर. भुंग्याचा हंगाम आणि मुलांचा मोकळा वेळ असे एकमेकांवर नेमके येऊन बसले. त्यातून एका तपकिरी, शिंगवाल्या किड्याला जपानमध्ये जे स्थान मिळालं, ते समजून घेण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. प्राचीन इजिप्तने पुजलेला शेणकिडा सोडला, तर भुंग्याच्या वाट्याला एवढा मान क्वचितच आला असेल.

नर शिंगासकट साधारण 8 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. डोक्यावर पुढे झेपावणारं लांब शिंग, त्याच्या टोकाला दोन फाटे आणि त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. पाठीवर, मानेच्या जागी, आणखी एक आखूड शिंग. मादीला शिंग नसतं. सामुराईच्या शिरस्त्राणाला जपानीत ‘काबुतो’ म्हणतात आणि भुंग्याचं नाव त्यावरूनच पडलं. लिनियसने 1771 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. आज तो ट्रायपोझायलस डायकोटोमस या नावाने ओळखला जातो. कोरिया, चीन, तैवान इथेही तो आहे. पण त्याच्यासाठी पहाटे तीन वाजता बापाला उठवून रानात नेणारी मुलं, त्याच्यासाठी खास बनवलेली जेली विकणारी दुकानं, त्याच्या रूपावर बेतलेले दूरचित्रवाणीचे नायक (1975 चा ‘कामेन रायडर स्ट्राँगर’, 2006 चा ‘कामेन रायडर काबुतो’) आणि त्याच्या नावाचं लोकप्रिय प्रेमगीत, एवढं सगळं एका जागी पाहायचं तर जपानलाच जावं लागतं.

मराठी वाचकाला हे कुळ अनोळखी नाही. कोकणातल्या नारळ-बागायतदाराला गेंड्या भुंगा चांगलाच ठाऊक आहे. तो माडाच्या शेंड्यात शिरून न उलगडलेला कोंब पोखरतो, मग ते पान उघडतं तेव्हा कात्रीने कापल्यासारखं दिसतं. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात आणि माडात दडलेला भुंगा बागायतदार तारेच्या आकड्याने ओढून काढतो. आपला गेंड्या आणि जपानचा काबुतोमुशी एकाच उपकुळातले. पण जपानी भुंग्याची अळी फक्त मेलेलं, कुजलेलं खाते आणि प्रौढ भुंगा झाडाच्या रसावर जगतो. माणसाच्या पिकाशी त्याचं वैर जवळजवळ नाही. जपानच्याच दक्षिण टोकाला, ओकिनावात, आपला गेंड्या बाहेरून येऊन स्थिरावला आहे आणि तिथेही त्याला पिकांचा शत्रूच मानतात. म्हणजे शिंग असणं पुरेसं नव्हतं. लाडका व्हायला निरुपद्रवी असणंही गरजेचं होतं.

आता त्या शिंगाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळं आकर्षण तिथून सुरू होतं.

काबुतोमुशी अळीच्या तीन अवस्थांतून जातो. तिसऱ्या अवस्थेतली अळी 20-30 ग्रॅमपर्यंत भरते, पूर्ण वाढलेल्या भुंग्यापेक्षा कितीतरी जड. सगळा हिवाळा ती पालापाचोळ्याच्या उबेत काढते. या काळात तिला काय आणि किती खायला मिळालं, यावर पुढे शिंग केवढं होणार ते ठरतं. प्रौढ झाल्यावर भुंगा वाढत नाही. जे मिळवायचं ते अळीपणीच. भरपूर खाल्लेल्या अळीतून थोरलं शिंग मिरवणारा नर निघतो, अर्धपोटी राहिलेल्या अळीतून आखूड शिंगाचा. दोघांच्या शरीराच्या आकारात जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी मोठा फरक शिंगाच्या लांबीत पडतो. 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डग्लस एमलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. शरीराचे बाकीचे भाग इन्सुलिनसारख्या संदेशांना बेताने दाद देतात, शिंगाच्या पेशी मात्र त्याला फार संवेदनशील असतात, असं त्यांना आढळलं. म्हणून शिंग खोटं बोलू शकत नाही. समोरच्या नराने ते पाहिलं की याचं अळीपण कसं गेलं हे त्याला कळतं.

हे शिंग तयार होतं कसं, तेही पाहण्याजोगं आहे. अळीच्या डोक्याच्या कवचाखाली पेशींचा एक पातळ पडदा असतो आणि त्यावर असंख्य बारीक सुरकुत्या. शिंगाचा पूर्ण आकार त्या सुरकुत्यांत घडी घालून ठेवलेला असतो. अळी शेवटची कात टाकते, शरीरातल्या द्रवाचा दाब वाढतो आणि तास-दोन तासांत त्या घड्या उलगडून शिंग उभं राहतं. वाढ आधीच झालेली असते, फक्त फुगणं बाकी असतं. जपानी संशोधकांनी 2017 मध्ये हे सविस्तर दाखवून दिलं. ज्या देशात मुलं 5 मेच्या बालदिनाला कागदाची घडी घालून सामुराईचं शिरस्त्राण बनवतात, त्याच देशातल्या रानात निसर्गही घड्यांतूनच शिरस्त्राण उभं करतो, हे वाचून मला झालेला आनंद इथे नोंदवून ठेवतो.

शिंगाचं काम लढण्याचं. कुठल्या झाडाच्या सालीतून रस पाझरत असला की त्या जागेसाठी नर भिडतात, कारण जिथे रस तिथे मादी येते. आधी शिंगं एकमेकांना टेकवून अंदाज घेतात. बहुतेकदा धाकटा तेवढ्यावरच माघार घेतो. दोघे तुल्यबळ असले तर खरी झुंज होते. एक जण आपलं शिंग दुसऱ्याच्या पोटाखाली घालतो, पहारीसारखा उचकटतो आणि त्याला झाडावरून खाली भिरकावतो. सुमो पाहिलेल्या माणसाला यातली चाल लगेच ओळखीची वाटते, आणि मुलं ओंडक्यावर दोन नर ठेवून जो खेळ लावतात त्याला नाव सुमोचंच आहे. पण थोरल्या शिंगाची किंमतही मोजावी लागते. वातारू कोजिमा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार रात्री तानुकी (कुत्र्याच्या कुळातला रानप्राणी) आणि दिवसा कावळे या भुंग्यांचं मऊ पोट खाऊन डोकं आणि पंखांची कवचं झाडाखाली टाकून जातात. त्या उरलेल्या तुकड्यांत माद्यांपेक्षा नर जास्त आणि नरांतही लांब शिंगवाले जास्त. जे मादीला आणि मुलांना दिसतं ते शिकाऱ्यालाही दिसतं.

याच कोजिमांच्या कामातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या अळ्या एकमेकींच्या आसपास राहतात; शेजारणीच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर त्या तिथे पोचतात. पण एखादी अळी कोषात गेली की तिच्याभोवतीची मातीची खोली फार नाजूक असते. धडपडत येणाऱ्या दुसऱ्या अळीने ती फोडली तर कोषाचा घात होतो. म्हणून कोष स्वतःची पाठ खोलीच्या भिंतीवर आपटून कंप निर्माण करतो आणि तो जाणवताच जवळची अळी थबकते. अळ्यांची शिकार करणारा, चिचुंदरीसारखा दिसणारा मोल हा प्राणी जमिनीखाली हलतो तेव्हाचा कंप आणि कोषाचा कंप एकमेकांसारखे आहेत. निपचित, आंधळा वाटणारा कोष शत्रूचा आवाज काढून भावंडांना लांब ठेवतो.

इथवर भुंग्याविषयी झालं. आता त्याच्या घराविषयी, आणि माझ्या मते या पुस्तकाचा गाभा तो आहे.

काबुतोमुशी हा घनदाट अरण्यातला प्राणी आहे असं समजणं चूक ठरेल. त्याचं घर गावाच्या शिवेवर, शेत आणि डोंगर यांच्यामधल्या रानात. जपानी लोक या मधल्या मुलखाला ‘सातोयामा’ म्हणतात. तिथे कुनुगी आणि कोनारा या ओकच्या जाती शेकडो वर्षं माणसाने राखल्या. दर पंधरा-वीस वर्षांनी झाड बुंध्याशी तोडायचं, लाकडाचा कोळसा पाडायचा, बुंध्याला फुटलेले धुमारे पुन्हा वाढू द्यायचे. हिवाळ्यात खाली पडलेला पाला गोळा करायचा आणि तो कुजवून शेताला घालायचा. आपल्याकडे कोकणात राबासाठी टाळ तोडतात आणि भाताच्या रोपांच्या जागी भाजतात. जपानी शेतकरी तोच पाला न भाजता मुरवत ठेवी. त्या मुरत ठेवलेल्या ढिगात काबुतोमुशीची मादी अंडी घालते, आणि तोडून पुन्हा वाढलेल्या कुनुगीच्या सालीतून भुंगा रस पितो. लाकूड पोखरणाऱ्या पतंगांच्या अळ्या सालीला जखमा करतात, रस झिरपतो, आंबतो. त्या आंबूस वासावर काबुतोमुशी येतो, कातरभुंगे येतात, गांधीलमाश्या येतात, आणि जपानचं राष्ट्रीय फुलपाखरू ओमुरासाकीही येतं.

म्हणजे अळीचं ताट आणि भुंग्याचं ताट, दोन्ही माणसाच्या श्रमातून वाढलेली. कोयता, दाताळं आणि खताचा ढीग नसता तर काबुतोमुशी जपानमध्ये राहिला असता, पण इतका विपुल खचितच नसता. फुकुशिमा प्रांतातल्या तामुरा शहरात तोकिवा नावाचा भाग आहे. तिथले तंबाखू पिकवणारे शेतकरी पानांचं खत मोठ्या प्रमाणावर करत आणि त्यात या अळ्यांचा सुळसुळाट असे. पुढे गावाने त्यालाच आपली ओळख केलं, भुंग्यांचं गाव म्हणून पर्यटक बोलावले, मुलांना भुंगे पाहता-धरता येतील अशी बाग उभी केली. खताच्या ढिगापासून बागेपर्यंतची ही वाट जपानमध्ये अनेकांनी चालली आहे. शिताके अळिंबीसाठी वापरून टाकलेले ओंडके आणि भुसाही आज या अळ्यांचं खाद्य म्हणून विकला जातो.

1950 च्या दशकापासून मात्र चुलीत कोळशाऐवजी गॅस आला, शेतात पाल्याऐवजी रासायनिक खत आलं. दहा-पंधरा वर्षांत सातोयामाचं काम संपलं. रान तोडायचं थांबलं तसे ओक म्हातारे झाले, खाली झुडपं माजली, बांबू पसरत आला. शहरांजवळच्या रानांवर तर वसाहतीच उठल्या. तोक्योच्या पश्चिमेला मुसाशिनोचं पठार जवळजवळ सगळं असंच गेलं. सायतामाच्या सीमेवर सायामा टेकड्यांत थोडं उरलं आहे. ‘माय नेबर तोतोरो’ हा 1988 चा चित्रपट ज्या परिसरावर बेतला तो हाच, आणि त्या नावाने काम करणारी एक संस्था 1991 पासून लोकवर्गणीतून तिथल्या रानाचे तुकडे विकत घेऊन राखते आहे.

जपानबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यातल्या एका सरधोपट समजुतीशी माझा वाद आहे. जपानी माणूस अनादी काळापासून निसर्गवेडा, म्हणून किड्यांवरही त्याचं प्रेम, असं म्हणून लोक मोकळे होतात. किड्यांची आवड जुनी आहे हे खरंच. होर्यूजी मंदिरातला सातव्या शतकातला देव्हारा तामामुशी या चकचकीत भुंग्याच्या पंखांनी मढवलेला होता. हेइआन काळातल्या दरबाराला सुझुमुशी, मात्सुमुशी असे गाणारे किडे प्रिय होते. ‘गेंजी मोनोगातारी’तलं एक प्रकरण सुझुमुशीच्या नावाचं आहे. त्याच काळाच्या अखेरीच्या एका कथेत सुरवंट पाळणारी, भुवया न कोरणारी सरदारकन्या भेटते. चित्रपट दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या नाउसिका या नायिकेला जन्म देणाऱ्यांपैकी ती एक. एदो काळात गाणारे किडे पिंजऱ्यात घालून विकणारे फेरीवाले होते आणि लाफकादिओ हर्न या लेखकाने 1898 मध्ये त्यांच्यावर मोठ्या प्रेमाने लिहिलं.

पण या सगळ्या परंपरेत काबुतोमुशी जवळपास नाही. तो गात नाही, चमकत नाही, कवितेच्या कामाचा नाही. तो खेड्यातल्या पोरांचा. त्याच्या शिंगाला दोरी बांधून त्याच्याकडून काडेपेटी ओढून घ्यायची, दोघांना झुंजवायचं, हे शेतकऱ्याच्या अंगणातले उद्योग. त्याला देशाचा लाडका केलं ते विसाव्या शतकाने, आणि त्यात चार गोष्टींचा हात आहे: शाळा, पुस्तकं, दुकान आणि हरवत चाललेलं रान.

शाळेने उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रांची रोजनिशी आणि स्वतंत्र अभ्यास ही कामं लावली, आणि भुंगा हा त्यासाठी तयार विषय होता. पुस्तकांची कहाणी जास्त वेगळी. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्रची कीटकनिरीक्षणं जपानीत आणण्याची सुरुवात ओसुगी साकाए यांनी 1922 मध्ये केली. ओसुगी अराजकवादी विचारवंत. पुढच्याच वर्षी, कांतोच्या महाभूकंपानंतरच्या गोंधळात, लष्करी पोलिसांनी त्यांचा खून केला. त्यांनी रुजवलेला फाब्र मात्र टिकला, इतका की त्याच्या स्वतःच्या फ्रान्सपेक्षा तो जपानी मुलांना जवळचा झाला. तोक्योच्या सेंदागी भागात ओकुमोतो दाइसाबुरो यांनी उभारलेलं फाब्रचं संग्रहालय आहे. व्यंगचित्रकार तेझुका ओसामू लहानपणी ताकाराझुकाच्या टेकड्यांत किडे गोळा करत, वहीत त्यांची चित्रं काढत, आणि ‘किडा’ हे अक्षर त्यांनी स्वतःच्या नावातच घालून घेतलं.

आणि दुकान. 1960 च्या दशकात, म्हणजे नेमकी रानं ओस पडत होती आणि खेड्यांतली माणसं शहरांत लोटत होती तेव्हा, मोठमोठ्या शहरी दुकानांत काबुतोमुशी विकायला आले. ज्या बापांनी ते स्वतः झाडावरून काढले होते ते आता मुलांसाठी पैसे मोजून घेऊ लागले. मेलेला भुंगा हातात घेऊन ‘याची बॅटरी बदलून द्या’ म्हणणाऱ्या शहरी मुलाची दंतकथा तेव्हापासून सांगितली जाते. लोक ती हसत सांगतात. मला त्यात एका पिढीचं दुःख ऐकू येतं. काबुतोमुशीवरचं प्रेम वाढलं ते तो हाताशी होता म्हणून नाही, तर हातातून निसटू लागला म्हणून. मुलाच्या पिंजऱ्यातल्या भुंग्यासोबत बापाने आपलं गावही घरी आणलं.

तोक्योजवळच्या माचिदात वाढलेल्या ताजिरी सातोशी यांचा अनुभव याच जातीचा. लहानपणी ज्या तळ्यांत आणि शेतांत ते किडे धरत त्यांवर इमारती आल्या. मोठेपणी त्यांनी, आताच्या मुलांना धरण्या-साठवण्याचा तो आनंद मिळावा म्हणून, एक खेळ रचला. 1996 मध्ये बाजारात आलेला तो ‘पोकेमॉन’. काबुतोमुशीच्या घडणीचा हेराक्रॉस त्यात थोडा उशिरा, 1999 मध्ये, दाखल झाला. जगभरच्या, अगदी पुण्या-मुंबईच्याही मुलांनी तो खेळला आहे.

त्याच 1999 च्या अखेरीस दुसरंही एक दार उघडलं. त्याआधी पीकसंरक्षण कायद्यामुळे परदेशी जिवंत भुंगे जपानमध्ये आणता येत नसत. काही जाती पिकांना धोकादायक नाहीत असं ठरल्यावर त्यांना परवानगी मिळाली आणि यादी वाढत गेली. दक्षिण अमेरिकेचा हर्क्युलस, आग्नेय आशियाचे ॲटलस आणि कॉकेशस असे अवाढव्य भुंगे काही वर्षांत लाखोंच्या संख्येने आले. 1999 मध्येच देशी ओकुवागाता या कातरभुंग्याचा 80 मिलिमीटरचा एक नर एक कोटी येनला विकला गेल्याच्या बातम्या झळकल्या. 2003 मध्ये सेगा या कंपनीने ‘मुशीकिंग’ हा खेळ काढला. दुकानांतल्या यंत्रात 100 येनचं नाणं टाकायचं, भुंग्याचं कार्ड मिळवायचं, दगड-कागद-कात्रीच्या नियमाने झुंज लावायची. काही वर्षं मुलांनी त्या यंत्रांपुढे रांगा लावल्या.

या खेळाने नवी पिढी भुंग्यांकडे वळवली, हे त्याचं देणं मी मानतो. पण त्यामागच्या बाजाराबद्दल मला आस्था नाही. राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्थेतल्या गोका कोइची यांनी वेळीच दाखवलं की परदेशी कातरभुंगे देशी जातभाईंशी संकर करू शकतात आणि ती संतती प्रजननक्षम असते. शिवाय त्यांच्या अंगावरून परके सूक्ष्म माइटही येतात. लाखो वर्षं वेगळ्या वाढलेल्या वंशाची सरमिसळ व्हायला कंटाळलेल्या एखाद्या पोराने खिडकीतून सोडलेला भुंगा पुरे. धोका परदेशीच असतो असंही नाही. होक्काइदोत काबुतोमुशी मुळात नव्हता. माणसांनी नेला, सोडला, तो तिथे रुजला आणि आज तिथे तो बाहेरचा मानला जातो. ओकिनावात आखूड शिंगाची स्वतंत्र उपजात आहे. मुख्य भूमीवरचे भुंगे तिथे नेऊन सोडले तर ती पुसली जाऊ शकते. पाळलेला भुंगा शेवटपर्यंत सांभाळावा, रानात सोडू नये, असं जपानचं पर्यावरण मंत्रालय मुलांना सांगतं. ते प्रत्येक पिंजऱ्यावर छापलं पाहिजे.

किड्याला धरणं आणि त्याच्याबद्दल कणव असणं, या दोन्ही गोष्टी जपानी मनात शेजारी नांदतात. इसे-नागाशिमाचे सरदार माशियामा सेस्साई यांनी आयुष्यभर किड्यांची चित्रं काढली. त्यासाठी जे जीव गेले त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मृत्यूनंतर 1821 मध्ये शिळा उभारली गेली. तोक्योत उएनोच्या कानएइजी मंदिरात ती आजही आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ आणि भुंग्यांचे संग्राहक योरो ताकेशी यांनी 2015 मध्ये कामाकुराच्या केंचोजी मठात किड्यांचं नवं स्मारक उभारलं. आराखडा वास्तुकार कुमा केंगो यांचा. दरवर्षी 4 जूनला तिथे किड्यांसाठी प्रार्थना होते. किडे जमवणाऱ्यानेच त्यांच्यासाठी हात जोडावेत यात मला ढोंग दिसत नाही. मारल्याचं ज्याला आठवतं, तो बेताने मारतो.

दरम्यान शहरी जपानमध्ये उलटा वाराही सुटला आहे. ‘जापोनिका’ या शालेय वह्यांच्या मुखपृष्ठांवर छायाचित्रकार यामागुची सुसुमू यांनी काढलेले किडे वर्षानुवर्षं असत. मुलांना वही हातात धरवत नाही अशा तक्रारी पालक-शिक्षकांकडून आल्या आणि 2012 मध्ये किडे त्या मुखपृष्ठांवरून गेले. रान न पाहिलेल्या पालकांची मुलं किड्याला भितात, यात त्या मुलांचा दोष नाही.

तरीही धागा तुटलेला नाही. 2021 मध्ये ‘इकॉलॉजी’ या प्रतिष्ठित नियतकालिकात काबुतोमुशीवर एक टिपण छापलं गेलं, त्याच्या दोन लेखकांपैकी एक सायतामा प्रांतातला प्राथमिक शाळेतला मुलगा होता. त्याच्या घरच्या अंगणात शिमातोनेरिको हे झाड होतं. हे मूळचं उष्ण दक्षिणेचं, आता जपानभर शोभेसाठी लावलं जाणारं. काबुतोमुशी निशाचर, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं. या झाडावरचे भुंगे मात्र उजाडल्यावरही हलत नसत, दुपारपर्यंत साल कुरतडून रस पीत बसत. मुलाने उन्हाळ्यातले दिवस आणि रात्री तिथे काढल्या, भुंग्यांवर खुणा केल्या, कोण कधी आला, कधी गेला ते लिहून ठेवलं, आणि यामागुची विद्यापीठातल्या कोजिमांना कळवलं. कोजिमांनी त्याला सोबत घेऊन ते शास्त्रापुढे मांडलं. लिनियसनंतर अडीचशे वर्षांनी, देशातल्या सर्वांत ओळखीच्या किड्याबद्दलची एवढी साधी गोष्ट नोंदवायची राहून गेली होती.

ज्यांना जपानला जाऊन हा भुंगा प्रत्यक्ष पाहायचा आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा हा काळ निवडावा. तोक्योत राहूनच पाहायचं असेल तर तामा प्राणिसंग्रहालयातलं कीटकदालन, कानसाई भागात असाल तर इतामी शहराचं कीटक संग्रहालय, आणि 1919 पासून उघडं असलेलं गिफूचं नावा कीटक संग्रहालय चुकवू नये. रानात जायचं तर स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि पहाट होण्यापूर्वी निघावं. कुनुगीची साल जाड, उभ्या भेगांची असते. आंबूस वास आला की थांबून, बुंध्यावर उजेड टाकून, माणसाच्या उंचीपर्यंत नीट पाहावं. पायाशी पंखांची तपकिरी कवचं पडलेली दिसली तर झाड योग्य आहे असं समजावं. त्याच रसावर मोठ्या गांधीलमाश्याही येतात, म्हणून हात घालण्याआधी दोनदा पाहावं. धरायचाच झाला तर पाठीवरच्या आखूड शिंगाला दोन बोटांनी धरून अलगद उचलावा. पाय ओढू नयेत, सालीत रुतलेली नखं तुटतात. पिंजऱ्यात कलिंगड-काकडी देण्याची जुनी रीत आता कुणी शिफारस करत नाही, त्यात पाणीच फार. बाजारात मिळणारी जेली द्यावी. आणि मिळालेल्या भुंग्यांपैकी माद्या तिथेच सोडून याव्यात. पुढच्या उन्हाळ्याची अंडी त्यांच्या पोटात आहेत.